उभ्यानं खाण्याचा कायदा

अमेरिकेतल्या आमच्या राज्यात आमदाराला लाच द्यायची नसते, पण त्याला उपाशीही ठेवायचं नसतं. या दोन गोष्टी एका वाक्यात बसवायला विधिमंडळाला एकेकाळी अख्खं अधिवेशन लागलं. शेवटी वाक्य निघालं ते असं : सरकारकडे मागणी घेऊन आलेल्यानं आमदाराला उभ्यानं, हातात धरून खाता येईल असं काही दिलं तर ते आतिथ्य, बसून, ताटलीत, काट्या-सुरीनं खावं लागेल असं दिलं तर ते जेवण. आतिथ्य चालतं. जेवण घेतलं, तर त्या माणसाच्या मागणीवर त्या आमदारानं मत द्यायचं नाही.

तेव्हापासून आमची राजधानी उभी आहे. जानेवारी ते मार्च बाहेर गुडघाभर बर्फ असतो आणि आत विधानभवनाच्या घुमटाखाली रोज संध्याकाळी कोणाचं ना कोणाचं आतिथ्य चालू असतं. छातीएवढ्या उंचीची टेबलं, एकही खुर्ची नाही, काडीला टोचलेले मांसाचे गोळे, कागदी पेल्यातलं सूप. सुपात शेवया घातल्या तर ते जेवण होतं का, यावर एकदा महाधिवक्त्यांचं लेखी मत मागवलं होतं. ते अजून आलेलं नाही, म्हणून शेवया चालतात. एका हातात पेला, दुसऱ्यात काडी आणि काखेत अर्थसंकल्प धरून मतदारसंघातल्या माणसाशी हस्तांदोलन करणारे आमदार आम्ही पाहिले आहेत. ही कला नव्या आमदाराला दोन अधिवेशनांशिवाय येत नाही. तोवर त्याच्या टायवर सगळा मेनू वाचता येतो.

आम्ही अर्थसमितीच्या हिशेबखात्यातली माणसं. समितीच्या मागच्या रांगेत बसायचं, कोणी किती मागितलं आणि कोणाला किती मिळालं ते मांडायचं, एवढंच आमचं काम. हा कायदा आम्हाला लागू नाही. आम्हाला कोणी काही देतच नाही.

मागणाऱ्यांत आमची आवडती होती लाव्हॉन ब्रेक्के. टॉल्व्हरच्या राज्य विद्यापीठाची राजधानीतली बाई. तिच्या दारावरच्या पाटीवर ‘शासकीय संबंध’ असं लिहिलेलं होतं, आणि ते संबंध ती आइस्क्रीमवर टिकवून होती. टॉल्व्हरला विद्यापीठाची स्वतःची डेअरी आहे. पोरं तिथं दुधाचं शास्त्र शिकतात आणि शिकता शिकता जे आइस्क्रीम बनतं, त्याच्या ओढीनं चार जिल्ह्यांतली माणसं गाडी वळवून येतात. लाव्हॉनच्या पर्समध्ये नेहमी डेअरीची चार-सहा कुपनं असायची. बंद दारावर टकटक केली की आतून ‘कोण?’ येई, ‘लाव्हॉन’ म्हटलं की ‘कोणतं आणलंयस?’ येई. आइस्क्रीम उभ्यानं खाता येतं, कोनात धरलं की ताटली लागत नाही. कायदा करणाऱ्यांनी बहुधा ते मनात धरूनच कायदा केला होता.

तर लाव्हॉनला हवा होता एक बॉयलर.

डेअरीला वाफ लागते. ती वाफ देणारा बॉयलर आयसेनहॉवरच्या काळातला होता आणि मूडही त्याच काळातला. सकाळी रुसायचा, दुपारी हिसके द्यायचा. विद्यापीठ सात अधिवेशनं नव्या बॉयलरसाठी बेचाळीस लाख डॉलर मागत होतं आणि सातही वेळा समितीनं ते पान उलटलं होतं. यात दुष्टावा नव्हता. वाचनालय बांधलं तर फीत कापता येते, भाषण करता येतं, भिंतीवर नावाची पाटी लागते. बॉयलरच्या दारावर आपलं नाव कोरलेलं कोणाला हवंय? बॉयलर फुटला तर तेच नाव वर्तमानपत्रात येणार.

पण या खेपेला राज्याच्या बॉयलर-तपासनिसानं हात टेकले होते. त्यानं बजावलं होतं की जूनपर्यंतच परवानगी, पुढं एक दिवसही नाही. बॉयलर बंद म्हणजे डेअरी बंद. विद्यापीठाचे नवे कुलगुरू डॉ. प्रेस्टन एन्स्ले यांनी लाव्हॉनला सौम्य शब्दांत सांगितलं होतं की डेअरी एकदा बंद पडली की पुन्हा उघडायची नाही, आणि मग राजधानीतलं कामही शहरातल्या एखाद्या चांगल्या कंपनीकडे सोपवावं म्हणतो. एन्स्लेसाहेब पूर्वकिनाऱ्याहून आलेले, फार सभ्य गृहस्थ. माणसाला नोकरीवरून काढण्याची बातमीसुद्धा त्याची तब्येत विचारून देणारे.

म्हणून लाव्हॉननं त्या हिवाळ्यात नऊ जणांच्या समितीतली पाच मतं जमवली. कशी जमवली ते आम्ही मागच्या रांगेतून पाहत होतो. एकाच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट तिनं तीनदा ऐकली आणि तिसऱ्यांदाही योग्य जागी ‘अगंबाई’ म्हणाली. दुसऱ्याच्या नातवाला टॉल्व्हरमध्ये खोली मिळत नव्हती, ती मिळाली. मर्ना झेलर या ज्येष्ठ सभासद. दोन्ही गुडघे बदललेल्या, जीभ मात्र मूळचीच. त्या म्हणाल्या, “मला काही नको. त्या व्हर्लिनच्या तोंडावर एकदा हरल्याचा भाव बघायचाय, तेवढ्यावर माझं मत घे.”

व्हर्लिन म्हणजे सिनेटर व्हर्लिन हाउगस्टॅड, समितीचे सभापती. उंच, कोरडा, खिशाचा घट्ट माणूस. राज्याचा पैसा ते स्वतःच्या पैशासारखा सांभाळत, आणि स्वतःच्या पैशाबद्दल त्यांच्या बायकोला विचारावं. कोणाचं आतिथ्य त्यांनी कधी घेतलं नव्हतं. लाव्हॉन सगळ्यांना आइस्क्रीम वाटायची त्या दिवशीसुद्धा खांबाआडून निघून जायचे. बॉयलरला त्यांचा विरोध होता, कारण त्यांचा सगळ्यालाच विरोध असे. त्यांच्याबरोबर आणखी तीन मतं होती. पाच विरुद्ध चार. लाव्हॉननं तो आकडा आम्हाला बोटांवर मोजून दाखवला आणि बोटं पुन्हा मिटून घेतली, जणू कोणी एखादं पळवेल.

पळवलं ते तिच्याच साहेबांनी.

फेब्रुवारीतला आइस्क्रीमचा दिवस. दरवर्षी लाव्हॉन आणि डेअरीचा व्यवस्थापक डुएन पोस्पिशिल घुमटाखाली दोन गोठणपेट्या लावत, लोक रांगेत येत, कोन घेत, बोटं चाटत निघून जात. एन्स्लेसाहेब हे पहिल्यांदाच पाहणार होते. आदल्या वर्षीचे फोटो बघून त्यांना वाईट वाटलं होतं. लोकांनी निवडून दिलेली माणसं भिंतीला टेकून बोटं चाटताहेत हे त्यांच्या सभ्यपणाला पटेना. लाव्हॉन गाडीतून डबे उतरवत असताना त्यांनी, तिला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून, आत वेगळीच व्यवस्था करून ठेवली. गोल टेबलं, पांढरी कापडं, विद्यापीठाचं चिन्ह असलेल्या चिनी मातीच्या ताटल्या, आणि ताटलीत सफरचंदाची गरम पाई, तिच्यावर आइस्क्रीमचा गोळा. शेजारी काटा. आणि खुर्च्या.

खुर्च्या. तीस वर्षांत त्या घुमटाखाली कोणी खुर्ची पाहिली नव्हती. ज्यांचे गुडघे शाबूत होते ते सवयीनं उभेच राहिले, दोन बोटांत पाई धरून. ज्यांचे नव्हते, त्यांना ती खुर्ची म्हणजे साक्षात कृपा वाटली. मर्ना झेलर बसल्या. पित्ताशयवाले बसले. नातूवाले बसले. तिघेही आपले. पाई संपवून मर्नाबाईंनी आणखी एक मागितली.

लाव्हॉन डबा घेऊन आत आली तेव्हा तिनं आधी ताटली पाहिली, मग काटा, मग खुर्ची. डबा खाली ठेवून ती हळूच मर्नाबाईंच्या कानाशी गेली आणि म्हणाली की उठा. मर्नाबाई म्हणाल्या, “उठते गं, पण एकटीला नाही जमायचं, दोघं लागतील.” तेवढ्यात विद्यापीठाच्या प्रसिद्धीखात्यानं फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो सगळ्या जगाला दाखवलाही : तीन समाधानी आमदार, तीन ताटल्या, तीन काटे, मागं हसरे कुलगुरू.

दुसऱ्या दिवशी सभापती हाउगस्टॅड यांनी समितीत तो फोटो शांतपणे वाचून दाखवला. हो, वाचून, फोटोत काय काय आहे ते त्यांनी एकेक करून नोंदीत घातलं. खुर्ची, ताटली, काटा. मग म्हणाले की तिघा सन्माननीय सभासदांचं जेवण छान झालं याचा आनंद आहे, विद्यापीठाच्या मागणीवर मात्र त्यांना मत देता येणार नाही. दोन विरुद्ध चार. मर्नाबाई काहीतरी पुटपुटल्या. कारकुनानं ते नोंदवलं नाही.

एन्स्लेसाहेबांना हे समजावून सांगायला लाव्हॉनला अर्धा तास लागला. ते पुन्हा पुन्हा विचारत होते की पण पाई तीच आहे ना, उभ्यानं खाल्ली काय आणि बसून खाल्ली काय, पोटात तर एकाच जागी जाते. लाव्हॉन म्हणाली की साहेब, हे पोटाचं खातं नाही, हे विधिमंडळ आहे. त्यांनी माफी मागितली, तिच्या तब्येतीची चौकशी केली, आणि त्या चौकशीनंच ती घाबरली.

संध्याकाळी ती आमच्या कचेरीत आली. कोट न काढता बसली आणि कायद्याचं पुस्तक मागितलं. ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. मग विचारलं, “यात असं कुठं म्हटलंय का, की जेवण समितीच्या खोलीबाहेरच व्हायला हवं?”

आम्ही पाहिलं. म्हटलं नव्हतं.

“आणि साक्षीदारानं पुरावा म्हणून वस्तू आणली तर?”

आम्ही सांगितलं की साक्षीदाराला पुरावा मांडायचा हक्क आहे. गेल्या वर्षी मत्स्यखात्यानं जिवंत मासा आणला होता, कारकुनाकडे नोंदवला की झालं. तिनं पुस्तक मिटलं. मग तिनं विचारलं की व्हर्लिन कॉलेजात असताना चीज पारखायच्या स्पर्धेत राज्यात पहिले आले होते ही गोष्ट खरी ना. आता हे आमच्या इमारतीत कोणाला माहीत नाही? त्यांच्या कचेरीत भिंतीवर एकच ढाल टांगलेली आहे, बायकामुलांचा फोटो तिच्याखाली, लहान.

सुनावणी त्या आठवड्याच्या अखेरीला होती, आणि समितीनं विद्यापीठांचं सगळं विधेयक पुढं धाडायचा तो शेवटचा दिवस. त्याच विधेयकात सभापतींच्या स्वतःच्या गावातल्या तंत्रशाळेच्या छपराचे पैसेही होते, हे आम्ही इथंच सांगून ठेवतो.

नऊ जण घोड्याच्या नालेसारख्या टेबलामागं बसले होते. साक्षीला लाव्हॉन आणि डुएन. डुएन हा देवभोळा सरळ माणूस. लाव्हॉननं त्याला एवढंच सांगितलं होतं की दोन चीज आण, एक बॉयलर धड चालला त्या आठवड्यातलं आणि एक हिसके देत होता त्या आठवड्यातलं. वाफ कमीजास्त झाली की चीज बिघडतं हे दाखवायचंय. पुढचा बेत तिनं त्याला सांगितला नव्हता. डुएनच्या चेहऱ्यावर बेत लपत नाही.

लाव्हॉननं दोन्ही चीजं कापडाखाली झाकून साक्षीदाराच्या टेबलावर ठेवली आणि बॉयलरबद्दल बोलायला लागली. वाफेचा दाब, तपासनीस, जून महिना. चिजांकडे तिनं बोटही केलं नाही. सभापती ऐकत होते, पण त्यांची नजर कापडावर होती. एखाद्या जुन्या वादकासमोर पेटी झाकून ठेवावी तसं ते चाललं होतं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

“त्याखाली काय आहे, लाव्हॉनबाई?”

“पुरावा आहे, सभापती. नोंदवलाय. पण समितीचा वेळ घ्यायचा नाही म्हणून—”

“वाफेनं चीज बिघडतं असं तुम्ही म्हणता. किती बिघडतं?”

“ते मी कसं सांगणार? मला त्यातलं काय कळतं?”

हे ‘मला’ तिनं इतकं हळू म्हटलं की सगळी खोली सभापतींकडे बघायला लागली. सभापतींनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले की आणा इकडे. डावीकडचे सिनेटर म्हणाले की मग सगळ्यांनाच द्या, पुरावा एकट्यानं कसा बघायचा. लाव्हॉननं पिशवीतून ताटल्या काढल्या. चिनी मातीच्या, विद्यापीठाचं चिन्ह असलेल्या; कुलगुरूंनी आणवलेल्या त्याच. काटेही निघाले. नऊ ताटल्या फिरल्या. मर्नाबाईंनी ताटलीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, लाव्हॉनकडे पाहिलं, आणि एकदम फार गंभीर झाल्या. पाई खाल्लेल्या तिघांनी चीज खाल्लं, त्यांचं आता आणखी काय बिघडणार होतं. आपल्या उरलेल्या दोघांनी खाल्लं. विरोधातल्या तिघांनी खाल्लं. सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि ती माणसं पहाटे उठणारी. राहिले सभापती.

आणि इथं डुएननं घात केला. चीज पारखणारा माणूस चीज गिळत नाही. चघळतो, जिभेवर फिरवतो, नाकानं श्वास सोडतो आणि थुंकतो. दिवसभरात पन्नास चीजं गिळली तर पारखी आडवा होईल. डुएनला हे माहीत होतं. समोर एक नामांकित पारखी बसलेला पाहून त्यानं व्यवसायाच्या आदरापोटी एक कागदी पेला उचलला आणि सभापतींच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवला.

लाव्हॉनचा चेहरा पुराव्याइतका पांढरा पडला. खाल्लं नाही तर जेवण नाही. आठ जण बाद आणि एकटे व्हर्लिन हाउगस्टॅड मत द्यायला मोकळे, असा हिशेब आमच्या पेन्सिलीखाली आपोआप तयार झाला. एक विरुद्ध शून्य. असा निकाल आमच्या दप्तरात आजवर नाही.

सभापतींनी पहिला तुकडा घेतला, चांगल्या आठवड्यातला. डोळे मिटले. जबडा हळूहळू फिरला. मग त्यांनी पेला उचलला आणि अगदी सभ्यपणे, रुमाल आडवा धरून, त्यात थुंकले.

“गुळगुळीत,” ते म्हणाले. “दोष नाही. गुणही नाही. साबण आहे.”

डुएननं मान खाली घातली. ते त्याचं उत्तम चीज होतं.

दुसरा तुकडा, हिसक्यांच्या आठवड्यातला. पुन्हा डोळे मिटले. जबडा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. भुवया वर गेल्या. हात पेल्याकडे गेला आणि पेल्यावरच राहिला. मग त्यांच्या लांब गळ्यातली घाटी वर गेली आणि खाली आली. ती खाली येताना समितीच्या खोलीतल्या निदान दोन बायकांनी श्वास सोडलेला आम्ही ऐकला.

“हे,” सभापती डोळे उघडून म्हणाले, “हे चीज आहे. जरा दाणेदार. थोडं कडवट. आमची आई करायची तसं. डुएन, आणखी आहे का?”

होतं. डुएननं चांगला जाड तुकडा कापून ताटलीत घातला. सभापतींनी काटा घेतला, खुर्ची पुढं ओढली आणि खाता खाता, मोठ्या खुशीत, लाव्हॉनची मागणी मोडीत काढली. म्हणाले की बाईंनी स्वतःच सिद्ध केलं, जुन्या बॉयलरवर चांगलं चीज बनतं आणि धड वाफेवर साबण. मग राज्यानं बेचाळीस लाख डॉलर साबणावर का घालावे? विरोधातले तिघे हसले. आपले दोघेही हसले, नको होतं तरी. एन्स्लेसाहेब मागच्या बाकावर होते, त्यांनी कपाळाला हात लावला.

लाव्हॉन ताटली रिकामी होईपर्यंत थांबली.

“सभापती, चिजाबद्दल तुमच्यापुढं मी काय बोलणार. मला फक्त नोंदीसाठी एक शंका विचारायचीय.”

“विचारा.”

“आत्ता समितीनं जे घेतलं, ते आतिथ्य होतं की जेवण?”

सभापतींचा काटा हवेत राहिला. त्यांनी आधी काट्याकडे पाहिलं. मग ताटलीकडे. मग आपण बसलो होतो त्या खुर्चीचे हात त्यांनी दोन्हीकडून चाचपले, जणू ती कोणी आत्ताच आणून ठेवलीय. आम्ही त्यांची मान बघत होतो. ती कॉलरपासून वर हळूहळू लाल होत गेली, पारा चढावा तशी.

विरोधातले एक जण म्हणाले की हा पुरावा होता, जेवण कसलं. मर्नाबाई म्हणाल्या, “सिनेटर, खुर्ची, ताटली, काटा. सभापतींनी परवा आम्हाला वाचून दाखवलं ना? मला तर पाठ झालंय.”

आता पेच असा होता. जेवण म्हणावं तर नऊच्या नऊ बाद; विद्यापीठाच्या मागणीवर मत द्यायला कोणीच नाही, ती मागणी ज्या विधेयकात आहे ते विधेयक खोलीतच अडकलं, आणि त्याच्यासोबत सभापतींच्या तंत्रशाळेचं छप्पर. जेवण नाही म्हणावं तर खुर्चीत बसून काट्यानं खाल्लेलंही जेवण नसू शकतं, हे त्यांना स्वतःच्या तोंडानं ठरवावं लागणार. सभापतींनी पंधरा मिनिटांची विश्रांती जाहीर केली आणि आम्हाला कायद्याचं पुस्तक घेऊन यायला सांगितलं. आम्ही गेलो. वाक्य तेच होतं.

परत आल्यावर त्यांनी निर्णय दिला. म्हणाले की मागणीशी संबंध असलेला पदार्थ सभासदानं तपासणीसाठी खाल्ला, तर तो बसून खाल्ला असला तरी ते जेवण धरू नये. लगेच मर्नाबाईंचा हात वर गेला. त्यांनी विचारलं की आइस्क्रीम त्याच डेअरीचं, त्याच वाफेवरचं, मग परवा आम्ही तिघं काय करत होतो? पाई ही नुसती त्याच्याखाली होती.

सभापतींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“मर्नाबाई, तुम्ही दोनदा घेतली होती.”

“तुम्हीपण, सभापती.”

हे नोंदीत आहे. हवं तर दाखवू.

मतदान झालं. पाच विरुद्ध चार. सभापतींनी विरोधात मत दिलं, ठणकावून, पण मर्नाबाईंना हवा होता तो भाव त्यांच्या तोंडावर दिसला की नाही यावर आमच्या कचेरीत अजून दोन मतं आहेत. जाता जाता त्यांनी मागणीतले दोन लाख कापले. कारण विचारलं तेव्हा म्हणाले की काहीतरी कापल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. लाव्हॉननं ते दोन लाख आधीच जास्तीचे घातलेले होते; सात अधिवेशनांत माणूस तेवढं शिकतो.

कॉरिडॉरमध्ये सभापतींनी तिला गाठलं. आम्ही पुस्तक घेऊन मागूनच चाललो होतो.

“लाव्हॉन, तू मला बसवलंस.”

“मी कुठं, व्हर्लिन? तुम्ही तर आधीपासून बसलेलेच होतात.”

ते पुढं गेले, थांबले, परत वळले. विचारलं की तो हिसक्यांच्या आठवड्यातला चिजाचा गोळा, त्यातला उरलेला, डुएन विकतो का? तिनं सांगितलं की विकतो, पण रोख. त्यांनी पाकीट काढलं आणि मोजून पैसे दिले. पावतीही मागितली.

नवा बॉयलर मेच्या शेवटी आला. फीत कापायला कोणी येईना, म्हणून एन्स्लेसाहेबांनी स्वतः कापली आणि आलेल्या सगळ्यांना उभं ठेवलं. लाव्हॉनची नोकरी टिकली. शहरातल्या कंपनीला पाठवायचं पत्र साहेबांनी फाडून टाकलं आणि तिच्या तब्येतीची चौकशी करणंही सोडून दिलं. डुएन आता अगदी एकसारखं, गुळगुळीत चीज बनवतो. चार जिल्ह्यांतली माणसं नेतात. एक सिनेटर नेत नाही.

पण सभापतींचा तो निर्णय छापून निघाला होता आणि आमच्या राजधानीत छापलेलं सगळे वाचतात, विशेषतः भुकेले. पुढच्या अधिवेशनापासून मागणीबरोबर तपासणी आली. तुरुंगखात्यानं कैद्यांच्या बेकरीतला ताजा पाव आणला, लोण्यासकट, कारण लोण्याशिवाय पाव नीट तपासता येत नाही असं अधीक्षकांचं म्हणणं. मत्स्यखात्यानं या वेळी मासा जिवंत न आणता धुरी दिलेला आणला. वनखात्याचं हरणाचं सॉसेज समितीला इतकं तपासावं लागलं की दुपारचं कामकाज चारला सुरू झालं. घुमटाखालची उंच टेबलं ओस पडली. सभासदांनी कमरेचे पट्टे एकेक भोक सैल केले. ज्यांची मागणी खाता येते त्यांच्या रकमा वाढल्या आणि ज्यांची येत नाही त्यांच्या घटल्या. आमच्या तक्त्यात ते दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले तर स्पष्ट दिसतं. अजून कोणी ठेवायला सांगितलेलं नाही.

सगळ्यात वाईट गत झाली रस्तेखात्याची. त्यांच्याकडे नुसतं डांबर होतं, आणि उत्तरेकडच्या रस्त्यावर खड्डे. तिथले संचालक अगदी रडकुंडीला येऊन लाव्हॉनकडे सल्ला मागायला गेले. म्हणाले की सगळे काही ना काही खायला आणताहेत, आम्ही काय आणावं?

लाव्हॉन म्हणाली, “आणू नका काही. जेवण झालं की लगेच नऊच्या नऊ जणांना तुमच्या गाडीत बसवा, आणि उत्तरेकडच्या रस्त्यानं फिरवून आणा.”